रांगोळीचे ठिपके आणि ब्रॅडमनची सरासरी

‘एका फलंदाजाने ८ चौकार मारले, तर चौकारांतून त्याला किती धावा मिळाल्या?’

असे उदाहरण फळ्यावर लिहिले की गणिताचा तास आपण मुलांच्या आवडीशी जोडला, असे आपल्याला वाटते. मुलांना मात्र तसे वाटत नाही. आठ चोक बत्तीस हे उत्तर देऊन ती पुढच्या उदाहरणाकडे वळतात. इथे क्रिकेटऐवजी आंबे किंवा पेन्सिली असत्या तरी काहीच बिघडले नसते. क्रिकेट मन लावून पाहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न पडत नाही, कारण उत्तर धावफलकावर आधीच लिहिलेले असते.

अशा उदाहरणांतून मुले एक गोष्ट मात्र नकळत शिकतात. गणितातले प्रश्न कुणाला खरोखर पडलेले नसतात, ते फक्त सोडवण्यासाठी असतात, अशी त्यांची समजूत होते. ही समजूत एकदा पक्की झाली की पुढे कितीही रंगीत चित्रे छापा, ती पुसली जात नाही.

म्हणून आवडीच्या विषयावर गणिताचा उपक्रम आखताना एक साधी कसोटी लावून पाहावी. त्या विषयातला जाणकार हा प्रश्न स्वतःहून विचारील का? उत्तर ‘हो’ असेल तर गणित त्या आवडीच्या आतले आहे. ‘नाही’ असेल तर ते वरून चिकटवलेले आहे. या कसोटीला उतरणारे काही उपक्रम आता पाहू या.

पंधरा ते आठच का?

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांची एक खास भाषा असते. ‘सात ते चार’, ‘पंधरा ते आठ’ असे ते सांगतात. ‘सात ते चार’ म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके. मग वर आणि खाली, दोन्ही बाजूंना, एकेक ठिपका कमी करत चारपर्यंत जायचे. प्रत्येक नव्या ओळीतला ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो.

वर्गात विचारा: पंधरा ते आठच का? पंधरा ते सात किंवा पंधरा ते नऊ काढले तर काय बिघडेल? रांगोळी काढणारी मुले-मुली पटकन सांगतील की आकार नीट येत नाही. ‘नीट’ म्हणजे काय, हे शोधणे हेच गणित.

वहीत लहान आकडे घेऊन पाहू. ‘पाच ते तीन’ काढले की सहा सारख्या बाजूंचा षट्कोन मिळतो. ‘पाच ते दोन’ काढले तर वरची आणि खालची बाजू आखूड पडते. मधल्या ओळीत म आणि शेवटच्या ओळीत श ठिपके आहेत असे मानू. वरच्या आडव्या बाजूवर श ठिपके असतात. तिरप्या बाजूवर प्रत्येक ओळीचा एक, म्हणजे म − श + १ ठिपके असतात. षट्कोनाच्या सर्व बाजू सारख्या हव्या असतील तर श = म − श + १, म्हणजेच म = २श − १. शेवटी आठ हवे असतील तर मध्ये पंधरा, आणि शेवटी चार हवे असतील तर मध्ये सात. मध्ये सम संख्या घेतली तर असा षट्कोन कधीच मिळणार नाही, हेही याच सूत्रातून कळते. रांगोळी काढणाऱ्या हातांना हे आधीच ठाऊक होते. आपण त्याचे कारण शोधले.

आता ठिपके मोजू. ‘सात ते चार’मध्ये ७ + २ × (६ + ५ + ४) = ३७ ठिपके आहेत. ‘पाच ते तीन’मध्ये १९, ‘तीन ते दोन’मध्ये ७, आणि नुसता एक ठिपका म्हणजे १. या संख्या क्रमाने लिहा: १, ७, १९, ३७. लगतच्या संख्यांतील फरक ६, १२, १८ असा येतो. आता त्यांची बेरीज करत जा: १, ८, २७, ६४. या तर १, २, ३, ४ यांच्या घनसंख्या! सपाट रांगोळीत घन कुठून आला?

इथे घाई करून उत्तर सांगू नये. लहान लाकडी ठोकळे मिळाले तर ४ × ४ × ४ असा मोठा ठोकळा रचावा आणि एका कोपऱ्यासमोर डोळा आणून पाहावा. तीन बाजू दिसतात. दिसणारे सगळे ठोकळे काढून टाकले तर मागे ३ × ३ × ३ म्हणजे २७ ठोकळे उरतात. याचा अर्थ दिसणारे ठोकळे ६४ − २७ = ३७ होते. कोपऱ्याच्या दिशेने पाहिले तर त्यांची मांडणी थेट ‘सात ते चार’च्या रांगोळीसारखी षट्कोनी दिसते. दहावीच्या मुलांना अंकगणिती श्रेढीचे सूत्र वापरून ‘पंधरा ते आठ’चे ठिपके काढता येतील, आणि ८³ − ७³ = १६९ असा ताळाही पाहता येईल.

या उपक्रमाचा आणखी एक फायदा आहे. एरवी गणिताच्या तासाला गप्प बसणारी एखादी मुलगी रांगोळीत तरबेज असेल, तर त्या दिवशी वर्गाला तिच्याकडून शिकावे लागते.

एका भोपळ्याची गोष्ट

आता पुन्हा क्रिकेटकडे वळू, पण या वेळी क्रिकेटवेड्यांना खरोखर पडणारा प्रश्न घेऊ. १४ ऑगस्ट १९४८ रोजी इंग्लंडमधील ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या शेवटच्या कसोटी डावासाठी उतरले. त्यापूर्वी त्यांच्या नावावर कसोटीत ६९९६ धावा होत्या आणि ते ६९ वेळा बाद झाले होते. एरिक हॉलीज यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाचीत झाले आणि त्यांची सरासरी ९९.९४ वर कायमची थांबली. चार धावा झाल्या असत्या तर ती बरोबर १०० झाली असती, हे अनेकांना माहीत असते.

मुलांना पुढचे प्रश्न विचारावेत. त्या डावाआधी सरासरी किती होती? ६९९६ ÷ ६९ = १०१.३९. मग धावा एकदाही कमी झालेल्या नसताना सरासरी खाली कशी आली? त्यांनी अर्धशतक काढून ते बाद झाले असते, तर सरासरी वाढली असती की घटली असती? बहुतेक मुले ‘वाढली असती’ म्हणतील. हिशोब करून पाहू: ७०४६ ÷ ७० = १००.६६. म्हणजे अर्धशतक काढूनही सरासरी घटलीच असती! बाद होऊन ती टिकवायला त्यांना किमान १०२ धावा काढाव्या लागल्या असत्या. आणि ते शून्यावर नाबाद राहिले असते तर? सरासरी जशीच्या तशी राहिली असती, कारण फलंदाजीची सरासरी काढताना आपण एकूण डावांनी भागत नाही, बाद झालेल्या डावांनी भागतो.

इथे वर्गात वाद सुरू होईल. नाबाद राहणाऱ्याला असा फायदा देणे योग्य आहे का? हा वाद होऊ द्यावा. भागाकारात छेद कोणता घ्यायचा हे कुणीतरी विचार करून ठरवलेले असते आणि तो बदलला की उत्तराचा अर्थ बदलतो, ही गोष्ट या वादातून जितकी नीट कळते तितकी व्याख्या पाठ करून कळत नाही. सरासरी हा एक समतोल आहे: तिच्याहून मोठी संख्या आली की ती वर सरकते, लहान आली की खाली.

मोठ्या वर्गांसाठी एक कोडे पाहा. अ आणि ब हे दोन फलंदाज आहेत. पहिल्या स्पर्धेत अ एकदा बाद झाला आणि त्याच्या धावा ६०. ब चार वेळा बाद झाला आणि त्याच्या धावा २००. दुसऱ्या स्पर्धेत अ चार वेळा बाद झाला, धावा ८०; ब एकदा बाद झाला, धावा १०. पहिल्या स्पर्धेत अची सरासरी ६०, बची ५०. दुसऱ्या स्पर्धेत अची २०, बची १०. दोन्ही वेळा अ सरस! आता दोन्ही स्पर्धा एकत्र करा. अ: १४० ÷ ५ = २८. ब: २१० ÷ ५ = ४२. एकत्र केल्यावर ब सरस ठरला.

हिशोबात कुठेही चूक नाही. अची जास्त बाद होणारी स्पर्धा कमी धावांची होती, बची जास्त धावांची. दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी काढून चालत नाही, हे इथे दिसते. मग संघात कुणाला घ्यायचे? हा प्रश्न निवड समितीला पडतो, आणि औषधांच्या चाचण्यांचे किंवा शाळांच्या निकालांचे आकडे वाचणाऱ्यालाही पडतो. आकडे कसे वाचायचे हे न कळणारा माणूस सहज फसवला जातो.

शिक्षकांची आवडही मोलाची

मुलांच्या आवडीबद्दल आपण पुष्कळ बोलतो, पण शिक्षकांनाही आवडी असतात, आणि त्या वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही. याचे आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). ते नाशिकजवळच्या देवळालीला १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण न घेतलेल्या या शिक्षकाला संख्यांशी खेळण्याचा नाद होता. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले.

हा खेळ वर्गात असा घेता येईल. प्रत्येकाने आपला जन्मदिवस आणि महिना मिळून चार अंकी संख्या लिहावी. १५ ऑगस्ट असेल तर १५०८. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करावी: ८५१० − ०१५८ = ८३५२. पुन्हा तेच: ८५३२ − २३५८ = ६१७४. पुन्हा केले तरी ७६४१ − १४६७ = ६१७४. शून्य गाळायचे नाही, एवढे पथ्य. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळा वर्ग ६१७४ वर येऊन थांबतो. अपवाद फक्त ११ नोव्हेंबरला जन्मलेल्यांचा. का, ते मुलेच सांगतील.

वजाबाकीचा सराव होतो, तोही न कंटाळता. पण इथेच थांबलो तर ही नुसती जादू राहील. ‘असे का होते?’ हा प्रश्न आला पाहिजे. चार अंकांत कारण शोधणे अवघड आहे, म्हणून तीन अंक घेऊ. उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग असतील तर

(१००क + १०ख + ग) − (१००ग + १०ख + क) = ९९(क − ग).

मधला अंक नाहीसा झाला! म्हणजे सुरुवात कोणत्याही संख्येने करा, पहिल्या पायरीनंतर ०९९, १९८, २९७ ... ८९१ या नऊच संख्या शक्य आहेत. यांतही १९८ आणि ८९१ यांचे अंक तेच, २९७ आणि ७९२ यांचे तेच. म्हणून एक साखळी पुरते: ०९९ → ८९१ → ७९२ → ६९३ → ५९४ → ४९५. आणि ४९५ पासून पुन्हा ४९५. ०००, १११ यांसारख्या दहा संख्या वगळल्या तर उरलेल्या ९९० संख्यांबद्दलचे विधान आपण एका ओळीत सिद्ध केले. सिद्धता कशासाठी असते, हे आठवी-नववीच्या मुलांना समजावून सांगायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण आहे.

दोन अंकांत काय होते? ०९ → ८१ → ६३ → २७ → ४५ → ०९ असे चक्र सुरू होते आणि कधीच थांबत नाही. पाच अंकांत काय होते, ते वर्गावर सोपवावे.

शिक्षकाला ज्याचा नाद आहे त्यातल्या अडचणीही त्याला माहीत असतात, आणि पुस्तकात नसलेला प्रश्न आला तर तो गोंधळत नाही, उलट खूश होतो. मुलांना हा फरक लगेच कळतो. आवडीचे सोंगही त्यांना तितक्याच लवकर ओळखू येते.

पण शिक्षकाची आवड मुलांच्या ओळखीचीच नसेल तर? समजा, तुम्हाला तबल्याचा शौक आहे. मुलांना तबला येण्याची गरज नाही, टाळ्या पुरतात. तीनतालाच्या १६ मात्रा मोजायला शिकवा. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा ठोका समेवर आणणे. ‘तिटकत गदिगन धा’ हा तुकडा तीन मात्रांचा घेतला तर तीनदा मिळून नऊ मात्रा. शेवटचा धा पुढच्या समेवर, म्हणजे सतराव्या ठोक्याला यायला हवा, तर सुरुवात कुठून करायची? नवव्या मात्रेवर, म्हणजे बरोबर खालीपासून. समेपासूनच सुरुवात करायची असेल तर मध्ये थांबे हवेत. तुकडा त मात्रांचा आणि प्रत्येक थांबा थ मात्रांचा असेल तर ३त + २थ = १७. पूर्ण मात्रांचाच विचार केला तर त विषमच असायला हवा. ५ आणि १, ३ आणि ४, १ आणि ७ अशा तीन जोड्या मिळतात. यांतली शेवटची जोडी गणिताला चालते, पण वादकाला फारशी भावणार नाही. दहा मात्रांच्या झपतालासाठी समीकरण बदलून मुलांनी टाळ्यांनी ताळा पाहावा. चुकले तर सम चुकते, आणि ते शिक्षकांना सांगावे लागत नाही.

उपक्रम आखताना

पहिली पायरी आवडी शोधण्याची. ‘तुमचा छंद कोणता?’ असे विचारले की ‘वाचन’ आणि ‘क्रिकेट’ अशी ठरीव उत्तरे येतात. त्याऐवजी ‘काल शाळा सुटल्यावर रात्रीपर्यंत काय काय केलेत?’ असे विचारावे. मग कुणी दुकानात बसते, कुणी गजरे करते, कुणी पतंग बनवते, कुणी गावातल्या एसटीच्या वेळा तोंडपाठ सांगते, असे कळते. यातले पुष्कळसे मुलांना ‘आवड’ या शब्दात बसणारे वाटतच नाही. शेजारी आपल्या स्वतःच्याही आवडींची यादी करावी.

दुसरी पायरी गणित शोधण्याची. त्या कामात काय मोजले जाते, काय पुन्हा पुन्हा येते, कशाचे वाटे होतात, कशाची तुलना होते आणि मुख्य म्हणजे वाद कशावरून होतात? जिथे वाद होतो तिथे बहुधा चांगला प्रश्न दडलेला असतो.

तिसरी पायरी प्रश्न पारखण्याची. जाणकाराला तो पडेल का, हे पाहावेच. त्याखेरीज, ज्याला ती आवड नाही अशा मुलालाही दोन-चार मिनिटांत सुरुवात करता आली पाहिजे. क्रिकेटचे नियम न कळणारी मुले वर्गात असतात, आणि मुलींना क्रिकेट नको किंवा मुलांना रांगोळी नको, असे आपणच गृहीत धरणेही बरोबर नाही. प्रश्नाला सोपी सुरुवात हवी आणि पुढे अवघड वाटही हवी. रांगोळीत ठिपके मोजणे पाचवीचे काम, सूत्र शोधणे नववी-दहावीचे.

चौथी पायरी म्हणजे स्वतः आधी करून पाहणे, आणि तो उपक्रम कोणत्या धड्याशी जोडला जातो ते टिपून ठेवणे. कापरेकरांचा खेळ स्थानिक किमतीशी आणि बीजगणितातील पदावल्यांशी, ब्रॅडमन सरासरीशी, तिहाई दोन चलांतील समीकरणांशी. ‘अभ्यासक्रम केव्हा संपवायचा?’ या रास्त प्रश्नाला हे टिपण हेच उत्तर आहे. प्रत्येक धड्यासाठी असा उपक्रम सापडणार नाही, सापडावा असाही आग्रह नको. सरावाच्या उदाहरणांची जागा हे उपक्रम घेत नाहीत. महिन्यातून एखादा उपक्रम नीट झाला तरी पुष्कळ झाले.

आणि एक पथ्य. मुलाच्या प्रत्येक खेळाचा धडा करू नये. पतंग उडवण्यात कोन असतो हे खरे, पण पतंग उडवताना कुणी कोन विचारू लागले तर मूल पतंगच सोडून देईल. आपली आवड वर्गात आणायची की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे.

सुरुवातीला एकच प्रश्न निवडा. वर्गातला एखादा विद्यार्थी ज्यात तुमच्यापेक्षा तरबेज आहे असा विषय घ्या आणि त्यातली एखादी ‘असेच का?’ वाटणारी गोष्ट त्यालाच विचारा. उत्तर दोघांनाही ठाऊक नसेल तर उत्तमच. मग खडू त्याच्या हातात द्या आणि तुम्ही बाकावर बसा.